काठाची उंची

लांब्यानं फावडंभर ओला गाळ डोक्यावरून वर फेकला. निम्मा काठावर पडला, निम्मा घसरत परत त्याच्याच पायांवर आला.

"जोर लाव की रे," वर काठावर चटई टाकून बसलेले दाजी म्हणाले. "बायकोनं उपाशी धाडलं का काय?"

लांब्यानं पायांवरचा गाळ झटकला. गावातला सगळ्यात उंच माणूस तो, म्हणून पाटाचा सगळ्यात खोल तुकडा दर वर्षी त्याच्याच वाट्याला यायचा. पाऊस त्या मुलखाची वाट विसरला होता. यायची ती नदी, आणि तीही रिकाम्या हातानं नाही, माती घेऊन. तिचं पाणी शेतांत न्यायला आजोबा-पणजोबांनी पाट खणला. तेव्हापासून पाट दर वर्षी भरायचा, दर वर्षी उपसायचा, आणि उपसलेला गाळ काठावर पडायचा. त्यांच्या वेळी काठ गुडघ्याएवढा होता म्हणतात. आता लांब्याचाही हात वर पोचत नव्हता.

पलीकडच्या तुकड्यात कुणीतरी गाणं धरलं, "नदी माय आली गं, ओटीत माती घेऊनी..." दुसऱ्या ओळीला कुणाकडे दम उरला नव्हता.

दाजी म्हणजे लांब्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. काही वर्षांमागे तेही याच गाळात उभे असायचे, लांब्याच्या खांद्याला खांदा लावून. मग त्यांचा गुडघा कामातून गेला. त्याच सुमारास पाण्याच्या पाळीवरून गावात डोकी फुटली. लोक म्हणाले, हा नाहीतरी बसूनच असतो, तर पाटाच्या दारापाशी बसू दे, कुणाला कधी पाणी सोडायचं ते बघेल. लांब्यानंच त्यांना पाठुंगळी घेऊन काठावर नेऊन बसवलं होतं, हसत हसत. अशा बसणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, याला तेव्हा शब्दही नव्हता.

लांब्यानं फावडं रोवलं. "दाजी, आज दार उघडलं की पहिलं पाणी माझ्याकडे सोडा. माझं शेत पार शेपटाला, पाट संपतो तिथं. मागच्या दोन्ही पाळ्यांना माझ्यापर्यंत थेंब आला नाही. जव ओंब्यांवर आलाय. आज पाणी चुकलं तर सगळा पोचट जाईल."

दाजींनी कानामागे हात धरला. "खालून नीट ऐकू येत नाही रे. वर येऊन बोल."

तो चढायला लागला. मऊ गाळात पाय रुतला, सुटला, आणि तो पोटावर घसरत खाली आला. त्यानंच सकाळपासून फेकलेला गाळ होता तो.

तेवढ्यात ताई पाणी घेऊन आली. पूर्वी ती वाकून हातात मडकं द्यायची. आता तिनं मडक्याच्या गळ्याला दोरी बांधली आणि हळूहळू खाली सोडलं.

"ताई, तू तरी सांग गं त्यांना."

"घरी तरी कुठं ऐकू येतं त्यांना, बाबा," ती म्हणाली. तरी नवऱ्याकडे वळली. "अहो, तो पहिलं पाणी मागतोय. त्याची पोरं आपलीच ना?"

"पाळी मुखाकडून शेपटाकडे," दाजी म्हणाले. त्यांचाही आवाज थकलेलाच होता. "गावानं ठरवलंय, मी कुठं? आज त्याला दिलं, तर उद्या सगळेच मागतील. आणि आधी गाळ तर निघू दे. त्याशिवाय दार कसं उघडू?"

ताई दोरीकडे बघत राहिली. लांब्या पाणी प्यायला. मडकं हलत हलत वर गेलं.

मग त्यानं फावडं भरलं, होता नव्हता तेवढा जोर लावला आणि फेकलं. या वेळी एक कणही खाली आला नाही. गाळाचा अख्खा गोळा दाजींच्या चटईला लागून पडला.

दाजींनी तो तळव्यानं थापून सपाट केला, त्याच्यावर चटई ओढली आणि नीट बसले.