ब्रेकचं काम बाकी

जुन्या पिकअपमध्ये नवं इंजिन बसवून झालं होतं. ब्रेकचं काम मात्र बाकी होतं, आणि जयसिंगरावांना लेकीची वरात उद्या याच गाडीतून काढायची होती.

"चार दिवस थांबा, दादा. इंजिनाला आता दुप्पट जोर आहे आणि ब्रेक तुमच्या वडिलांच्या वेळचे," दस्तगीर मिस्त्री म्हणाला.

"सावकाश चालवीन," म्हणत जयसिंगरावांनी गाडी सुरू केली. दस्तगीरनं वाद घातला नाही. दार उघडून तो शेजारी बसला.

गॅरेजपुढचा उतार लागताच गाडीनं वेग धरला. जयसिंगरावांनी ब्रेक दाबला, पण वेग जेमतेम कमी झाला. त्यांनी सगळा भार पायावर टाकला, तरी दरीकाठचं वळण झपाट्यानं जवळ येत होतं.

"गिअर खाली घ्या," दस्तगीर शांतपणे म्हणाला आणि हँडब्रेक हळूहळू ओढू लागला. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

दस्तगीरच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"ठाऊक होतं, तर बसलात कशाला?" जयसिंगरावांनी विचारलं.

"तुम्हाला एकट्याला कसं जाऊ देणार?"

जयसिंगरावांनी खाली उतरून लेकीला फोन लावला. "वरातीला दुसरी गाडी सांगतोय, बाळा," एवढंच ते म्हणाले.

दस्तगीर पिकअप वळवून पहिल्या गिअरमध्ये चढावरून परत गॅरेजकडे नेऊ लागला. जयसिंगराव हात उंचावून, वरून येणाऱ्या गाड्या थांबवत पिकअपपुढे चालत राहिले.