आवाज बंद करा

"गाडीचा हा आवाज बंद झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही," म्हणत मास्तरांनी गॅरेजात ठाण मांडलं. टिक, टिक, टिक. इंजिनातलं टॅपेट सैल झालं असणार, म्हणून मेकॅनिकने इंजिन बंद केलं. टिकटिक चालूच. बॅटरी काढली, तरी चालूच! त्याने लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनाला, चाकाला, शेवटी वैतागून मास्तरांच्या छातीला टेकवलं.

"मास्तर, व्हॉल्व्ह वाजतोय."

"मग बदला की!"

"गाडीचा नाही, तुमचा."

मास्तरांनी छातीवरच्या टाक्यांवरून हात फिरवला. "अहो, डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात नवाकोरा बसवलाय!"

"मग वाजू दे की त्याला," बोनेट आदळत मेकॅनिक म्हणाला. "बंद पडला, तर मात्र माझ्याकडे आणू नका."