हातमोज्यांची शेड

कॅन्टीनमध्ये भांडी घासताना फाटलेले रबरी हातमोजे धाकट्या सुनेने घरी आणले, धुतले, बोटांत तार भरली आणि दिव्याची शेड शिवली.

नणंदेने नाक मुरडलं. "भंगार ते, कितीही नटवलंस तरी."

दिवा लागला आणि भिंतभर पंजे उमटले. सगळं घर टाळ्या वाजवू लागलं.

"हरले बाई तुझ्यापुढे," म्हणत नणंदही सामील झाली.

सगळे थांबले, तरी टाळ्या थांबेनात. भिंतीवरचे पंजे एकमेकांवर आपटत होते. शेडवरचं एक बोटही हलत नव्हतं.

नणंदेने घाईघाईने दिवा बंद केला.

अंधारात टाळ्यांचा जोर वाढला. सून मात्र ताठ उभी राहिली. एवढं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

तेवढ्यात तिच्या पाठीवर साबणाने ओल्या हाताची शाबासकीची थाप पडली.