ओला कोबा

आमची घरमालकीण चांगुणाबाई. पाणी सांडलं तरी बोलणार, दार जोरात लागलं तरी बोलणार. शेवटी वैतागून मी पिंगळीला दुसरी खोली बघितली आणि आज सकाळी सगळं सामान टेम्पोत भरलं.

चांगुणाबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "खोली सोडायलाव तर सोडा बाबा. पण कोबा ओला असताना तुमच्या पोरीनं पाय उमटवून ठेवलेत, तेवढे सिमेंटनं बुजवून द्या."

माझी बायको मनिषा तिथंच खाली बसली. त्या इवल्याशा पावलांवर तिनं आपले दोन्ही तळहात ठेवले.



"सामान उतरवा," ती म्हणाली. "पोरीचं आता एवढंच राहिलंय."