दोनच मिनिटं उरली होती

विद्यापीठाच्या बास्केटबॉल स्पर्धेत मुलींची फायनल ऐन रंगात असताना क्रीडासंचालकांनी खेळ थांबवला. पाहुणे आले होते. त्यांचा सत्कार कोर्टवरच व्हायचा होता.

"सर, दोनच मिनिटं उरलीत," कर्णधार सुकन्या म्हणाली.

"मुलींचीच तर मॅच आहे. थांबा जरा," सर उखडले.

सुकन्याच्या अंगाचा तिळपापड झाला. काल मुलांची मॅच संपेपर्यंत याच सरांनी आमदारांना ताटकळत ठेवलं होतं. ती चेंडू घेऊन कोर्टच्या मधोमध फतकल मारून बसली. विरुद्ध संघाची कर्णधारही शेजारी येऊन बसली, मग उरलेल्या आठही जणी.

शेवटी पाहुण्यांनीच ओशाळून हात जोडले आणि खेळ सुरू झाला.

सुकन्याचा संघ एका गुणाने हरला. सर गळ्यात पदक घालायला आले, तेव्हा तिने मान झुकवली नाही.