ब्रेकवरचा पाय

आमच्या ओहायोत गिअरचं तेल बदलायला गाडी गॅरेजात देणं म्हणजे गल्लीत नाक कापून घेणं. म्हणून रविवारी चर्चहून आल्या आल्या मी घरासमोरच चारही चाकं लोखंडी रॅम्पांवर चढवली, जुनं तेल काढलं आणि बायकोला, नेडीनला, मागच्या शेडमधून नरसाळं आणायला पाठवलं. तिला जरा वेळच लागला. पण आणलं.

नवं तेल भरून झालं. आता त्याची पातळी बघायची, तर इंजिन चालू हवं. एकाने गाडीत बसून एकेक गिअर टाकायचा आणि दुसऱ्याने गाडीखाली उताणं पडून तेलाचं बूच उघडून बघायचं. उताणा अर्थातच मी.

"तुला गाडीतलं काही कळत नाही," मी खालून ओरडलो, "म्हणून सोपं काम दिलंय. ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही, बस्स!"

"आणि उचलला तर?"

"तर गाडी रॅम्पवरून उतरेल आणि तू विधवा होशील."

"अस्सं," नेडीन म्हणाली.

"हं, टाक आता पुढचा गिअर."

तिने टाकला. माझ्या नाकापासून चार बोटांवर गाडी हलकेच थरथरली.

"रॉइस, गेले तीन शनिवार तू तळ्यावर मासे धरायला जातोयस ना? मग शेडमधल्या तुझ्या गळांवर कोळिष्टकं कशी रे?"