घाटातलं आधण

“झाकणाला हात लावू नका, गुरुजी!” वागिमिन ओरडला आणि अधू पाय ओढत गाडीच्या तोंडाशी गेला. बॉनेटखालून वाफ फसफसत होती. हर्दोनो गुरुजींची बत्तीस वर्षांची निळी मोटार कोपेंगच्या निम्म्या घाटात पुन्हा उकळली होती.

हा सलग चौथा रविवार.

“आज तरी वर पोचू असं वाटलं होतं,” वागिमिन म्हणाला.

“म्हातारी झाली रे गाडी. माझ्यासारखीच.” गुरुजी कडेच्या दगडावर टेकले. “पाणी निवलं की परत फिरू.”

वागिमिनचं गॅरेज खाली सालातिगाच्या बाजारामागे होतं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्याची आई घरातून निघाली, ती परतलीच नाही. म्हातारपणी तिचं भान सुटलं होतं. कधी ती माहेरी जायला निघायची, कधी मेलेल्या नवऱ्याला शोधायला. गावाने आठ दिवस शोधाशोध केली आणि मग जो तो आपापल्या कामाला लागला. गुरुजी तेवढे थांबले. रिटायर हेडमास्तर, बायको गेलेली, मुलं जकार्तात. दर रविवारी ते गाडी काढत, वागिमिनला शेजारी बसवत आणि एकेक वाडी पालथी घालत. खालचा सगळा मुलूख बघून झाला होता. राहिला होता तो घाटावरचा.

आणि महिन्यापूर्वी बाजारातल्या एका कोबीवालीने सांगितलं होतं, की वरच्या वाडीत कुणाच्या तरी ओसरीवर एक अनोळखी म्हातारी राहते. त्या वाडीला बस जात नव्हती, आणि वागिमिनला त्या पायाने मोटारसायकल झेपत नव्हती.

ती आई नसेलही. पण बघितल्याशिवाय कसं कळणार? आई मेली म्हणावं, तर कबर कुठे होती? रोज्यांच्या उपवासाचा महिना दोन आठवड्यांवर आला होता. सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी झाडायला, चपला बाहेर काढून फुलं वाहायला चाललं होतं. वागिमिन दारात बसून लोकांच्या हातातल्या टोपल्या बघायचा. त्याला त्यांचा हेवा वाटायचा, आणि मग त्या हेव्याची लाज वाटायची.

गाडीचं त्याने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. रेडिएटर उतरवून धुतला. पाण्याचा पंप उघडून बघितला, पंख्याचा पट्टा बदलला. इंजिन लवकर तापवणारा थर्मोस्टॅट तर नव्हताच; असल्या उकाड्याच्या मुलखात तो ठेवतो कोण? शनिवारी गॅरेजात इंजिन तासभर चाललं तरी काटा मध्यावरून हलायचा नाही. रविवारी घाटात मात्र आधण.

“कधी मांजरबिंजर तर नाही ना आलं गाडीखाली?” मागे एकदा त्याने वैतागून विचारलं होतं. “अंगातल्या सदऱ्यात गुंडाळून पुरलं नाही, तर गाडी डूख धरते म्हणतात.”

“पुरलं होतं,” गुरुजी चहा ढवळत म्हणाले होते. “सदऱ्यातच.”

“मग सुटलात. आता खोट माझ्याच हातांत.”

म्हणून या खेपेला त्याने एक युक्ती केली होती. इंजिनाला ठिणगी देणारा डिस्ट्रिब्युटर बसवल्यावर त्याच्यावर आणि खालच्या लोखंडावर मिळून खिळ्याने एकच रेघ ओढून ठेवली होती. वाफ विरली तशी त्याने वाकून बघितलं. रेघ तुटली होती. वरचा तुकडा बोटभर सरकला होता. ठिणगी उशिरा पडायला लागली की चढावर इंजिन तापणारच. आणि बोल्ट ढिला नव्हता. कुणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून तो पुन्हा नीट आवळला होता.

गाडी शनिवारी संध्याकाळपासून गुरुजींच्या शेडमध्ये होती. शेडला कुलूप असायचं.

घाट उतरेपर्यंत वागिमिन रागाने धुमसत होता. पण घरी गेल्यावर त्याला एकदम उलगडा झाला. रविवार सोडले, तर गुरुजींशी बोलायला होतं कोण? आई सापडली, की हे रविवारही संपणार. त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी तो सकाळीच हत्यारं घेऊन गुरुजींच्या अंगणात हजर झाला. ठिणगीची वेळ लावली, कार्बोरेटरचा स्क्रू साधला, आणि नंतर गाडीजवळून हलला नाही. गुरुजी दारात उभे राहून बघत होते.

“झालं. आता नाही तापायची.”

“आजच जायला हवं का, मिन? आभाळ भरून आलंय.”

वागिमिनने चिंधीला हात पुसले. “गुरुजी, डिस्ट्रिब्युटर कोण फिरवतं, ते मला कळलंय.”

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला.

“अहो, घाबरता काय! रागावलो नाही मी. एकटं वाटतं ना तुम्हाला? आई सापडली तरी मी येणारच दर रविवारी. तिलाही आणीन, जेवायला घाला आम्हाला. वर्षभर तुम्ही सांभाळलंत. माझ्या बापाच्या जागी आहात तुम्ही.”

गुरुजी आत जाऊन किल्ली घेऊन आले.

“बस,” ते म्हणाले.

गाडी सुतासारखी चढली. नेहमीचा दगड मागे पडला, काटा मध्यावरच होता. वागिमिनने टपावर आनंदाने थाप मारली. “बघा! अर्ध्या तासात वाडी!”

आणखी दोन वळणं गेली. बांबूच्या बेटापाशी गुरुजींनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“का थांबलात? काटा तर जागेवर आहे.”

“गाडीला काही झालेलं नाही, मिन,” गुरुजी म्हणाले. “चपला काढून उतर. तुझी आई इथं आहे. माझ्याच सदऱ्यात.”